उसाच्या रानातील बिबळ्या

नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्जत तालुक्याच्या पूर्व अंगास, मिरजगाव हे बाजाराचे गाव वसले आहे. पलीकडे थोड्याच अंतरावर बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची शीव लागते. खाली दक्षिणेस सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका पसरला आहे. ज्यांनी हा प्रांत मोटारीच्या खिडकीतून पाहिला असेल त्यांच्या डोळ्यांपुढे उघडे माळ, ज्वारीची शेते, बाभळीची झुडपे आणि मेंढरांचे कळप हेच चित्र उभे राहील. अरण्य म्हणावे असे येथे काही नाही. आणि तरीही दिवेलागणीनंतर या भागातील वस्तीवरची आई आपल्या मुलाला अंगणात एकटे सोडावयास धजत नाही; कारण रानात बिबळ्या असल्याचे तिने ऐकलेले असते. अरण्य नसलेल्या मुलखात हा प्राणी कसा राहतो, त्याच्या जिवावर कोणती संकटे आहेत, आणि त्याच्यामुळे माणसाच्या जिवावर येणारे संकट कसे टाळता येईल, याचा विचार आज आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आजची वृत्तपत्रे ज्याला बिबट्या म्हणतात, इंग्रजीत ज्याला लेपर्ड व पँथर अशी दोन नावे आहेत, तोच हा आपला बिबळ्या. पुष्कळ सुशिक्षित लोकही त्याला चित्ता म्हणतात, पण ते बरोबर नाही. चित्ता हा निराळा प्राणी. त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, तो उघड्या माळावर धावून शिकार करतो, आणि आपल्या देशातून तो गेल्या शतकाच्या मध्यासच नाहीसा झाला. २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून आणून सोडले ते चित्ते. बिबळ्याच्या अंगावरील ठिपके गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे वर्तुळात मांडलेले असतात, आणि माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे एका बिबळ्याची नक्षी दुसऱ्याशी कधीच जुळत नाही. काळा पँथर म्हणून ज्याची मोठी ख्याती आहे तोही वेगळ्या जातीचा नव्हे. कातडीतील काळा रंग अधिक झालेला तो बिबळ्याच होय, आणि तिरप्या उन्हात त्याच्या काळ्या अंगावरही तेच ठिपके उमटलेले दिसतात.

मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांत बिबळ्याइतका जुळवून घेणारा दुसरा कोणी नाही. आफ्रिकेच्या गवताळ रानापासून रशियाच्या पूर्वेकडील हिमाच्छादित जंगलापर्यंत तो आढळतो. वाघाला मोठे रान आणि सांबरासारखी मोठी शिकार लागते. बिबळ्याचे एका सशावर, घुशीवर किंवा भटक्या कुत्र्यावरही भागते. तो एकटा राहतो, दिवसा लपतो, रात्री फिरतो, झाडावर सहज चढतो आणि माणसाची चाहूल लागताच बाजूस सरतो. परंतु या गुणांवर भिस्त ठेवून तो सुखरूप आहे असे मानणे चुकीचे ठरेल. जगात पूर्वी जेवढ्या प्रदेशात बिबळ्या आढळत असे त्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रदेशातून तो आज नाहीसा झाला आहे, असा अभ्यासकांचा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात २०२२ च्या गणनेच्या आधारे बिबळ्यांची संख्या १३,८७४ इतकी अंदाजण्यात आली, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा १,९८५ होता. ही गणना मुख्यतः जंगलांतील आहे. उसाच्या फडात राहणारे बिबळे तीत फारसे येत नाहीत.

आता हा उसाचा फड मुळात कोठून आला ते पाहू. नगर जिल्ह्याचा बराच मोठा भाग पर्जन्यछायेत पडतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि उत्तरेकडील तालुक्यांत पाटाचे पाणी खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी उभा राहिलेला सहकारी कारखाना सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढे कुकडी प्रकल्पाचे कालवे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळा या कोरड्या तालुक्यांकडे वळले. विहिरी खोल झाल्या, पंप बसले, आणि जेथे हंगामी ज्वारीखेरीज काही येत नसे तेथे ऊस, मका व घासगवत उभे राहिले.

शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले ही आनंदाचीच गोष्ट झाली. पण बिबळ्याच्या दृष्टीने पाहिले तर काय घडले? वर्षभराहून अधिक काळ उभे राहणारे, पुरुषभर उंचीचे, आत कोणी न शिरणारे, पाण्याशेजारचे दाट रान त्याला आयतेच मिळाले. मादी साधारण तीन महिन्यांनी विते, दोन-तीन पिले होतात, आणि ती दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. त्यांचा जन्म उसात, वाढ उसात. डोंगरातील जंगल त्यांतील पुष्कळांनी कधी पाहिलेलेही नसते. उलट जो माळ नांगराखाली गेला त्याच्यावर जगणारे माळढोक पक्षी आणि लांडगे मागे हटले. काळविटांसाठी कर्जत तालुक्यातच रेहेकुरी येथे १९८० साली अभयारण्य करावे लागले, त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटर आहे. एकाच पाण्याने माळावरचे जुने रहिवासी उठविले आणि नवा रहिवासी आणून वसविला.

तेव्हा बिबळ्या 'जंगलातून वाट चुकून' गावात येतो ही आपली समजूत मुळातच सोडून दिली पाहिजे. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा जो अभ्यास केला तो जगभर वाखाणला गेला. शेतांच्या बांधांवर व पायवाटांवर त्यांनी आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावले आणि ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक बिबळ्या ओळखून काढला. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसांची वस्ती असलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबळे, आणि तितकेच तरस, आढळून आले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलखात हरिणासारखी रानटी शिकार जवळपास उरलेली नाही तेथे इतके मोठे हिंस्र पशू राहत होते, आणि माणसांवर हल्ले मात्र क्वचितच होत होते. काही बिबळ्यांच्या गळ्यात खुणेचे पट्टे बांधून त्यांचा माग घेतला तेव्हा असे दिसले, की दिवसा घरांपासून दूर राहणारा हा प्राणी रात्री घरांपासून पंचवीस मीटरांच्या आत येऊन निघून जातो. घरातील माणसांना त्याचा पत्ताही नसतो.

मग तो खातो काय? त्याच्या विष्ठेची परीक्षा करून त्याचेही उत्तर मिळविण्यात आले. अकोल्यातील बिबळ्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव व गावाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी आहारातील त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. याचे कारण उघड आहे. शेळी रात्री बंद गोठ्यात असते, तिचा धनी तिला जपतो. कुत्रे उकिरड्यावर मोकळे फिरते. गावाच्या कडेस पडणारा कचरा, खाटकाचे टाकाऊ मांस, कोंबड्यांच्या खुराड्यांतील घाण यांवर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबळ्या पोसला जातो. बिबळ्याला आमंत्रण आपणच धाडतो, असे म्हटले तर ते वावगे होऊ नये.

श्रोतेहो, असा हा शेजारी आपल्यामध्ये राहतो खरा, पण त्याचे आयुष्य मोठे धोक्याचे आहे. पहिला धोका विहिरीचा. आपल्याकडील शेतातल्या कित्येक विहिरींना कठडा नसतो. रात्री कुत्र्याच्या मागे धावणारा बिबळ्या त्यांत पडतो. कोणी वेळेवर पाहिले तर खाट किंवा पिंजरा सोडून त्याला वर काढतात, न पाहिले तर तो पोहून पोहून दमतो आणि बुडतो. दुसरा धोका रस्त्याचा. जुन्या अरुंद सडका रुंद झाल्या, मोटारींचा वेग वाढला, आणि रात्री रस्ता ओलांडणारा बिबळ्या दिव्यांच्या झोतापुढे गोंधळून चाकाखाली येतो. तिसरा धोका रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासाचा आणि कुंपणात सोडलेल्या विजेचा. चौथा विषाचा, शेळी गेल्याच्या रागाने अर्धवट खाल्लेल्या जनावरावर विष घातले जाते. आणि पाचवा कातड्याच्या चोरट्या व्यापाराचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने असे दाखविले, की त्याआधीच्या दहा वर्षांत आपल्या देशात दर आठवड्यास निदान चार बिबळे या व्यापाराला बळी पडत होते.

बिबळ्यास मारणे हे एके काळी पुण्यकृत्य मानले जात असे. इंग्रजी अमलात त्याच्या मुंडक्यावर सरकारी बक्षीस होते, आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दीड लाखांहून अधिक बिबळे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी दिला आहे. स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. परंतु कायद्याच्या पुस्तकात मिळालेले अभय प्रत्यक्ष रानात मिळावयाचे तर तेथे राहणाऱ्या माणसाचे मन त्यास अनुकूल असावे लागते. आणि ते मन आज दुखावलेले आहे.

ते का दुखावले आहे हे शहरात राहणाऱ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. २०२० च्या ऑक्टोबरात पाथर्डी तालुक्यात लहान मुले बिबळ्याने उचलून नेली. नोव्हेंबरात मिरजगावच्या शेजारच्या आष्टी तालुक्यात माणसे मारली गेली, आणि त्यानंतर ते सत्र करमाळ्यात सुरू झाले. शेकडो माणसे शोधास लागली होती. अखेर डिसेंबरात करमाळा तालुक्यात एका बिबळ्यास गोळी घालून ठार करण्यात आले, आणि या साऱ्या मुलखास हैराण करणारा तो हाच असे मानण्यात आले. त्या तीन महिन्यांत या टापूतील शेतांत रात्रीचे पाणी देणे बंद पडले, मजूर मिळेनात, मुले घराबाहेर पडेनात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात वीसएक दिवसांत तीन माणसे गेली, त्यांत दोन मुले होती. लोकांनी महामार्ग अडविला. त्याच नोव्हेंबरात नगर शहराजवळील खारे कर्जुने येथून पाच वर्षांच्या मुलीस बिबळ्याने नेले. ज्या घरातील मूल गेले त्या घरास बिबळ्याच्या आहाराची टक्केवारी ऐकवून समाधान होणार नाही, आणि होऊही नये. मृताच्या कुटुंबास शासन पंचवीस लाख रुपये देते. तो आधार आहे, भरपाई नव्हे.

या मुलखातील सर्वांत असहाय माणूस म्हणजे ऊसतोडणी कामगार. आष्टी, पाटोदे व बीडकडील इतर तालुक्यांतून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिमेकडे निघतात आणि चार-पाच महिने फडाच्या कडेस पाचटाच्या कोप्यांत राहतात. आई पहाटे ऊस तोडते तेव्हा तान्हे मूल बांधावर निजलेले असते. कोपीला दार नसते, जवळ दिवा नसतो, शौचास अंधारात जावे लागते. बसलेले किंवा वाकलेले माणूस व लहान मूल यांवरच बिबळ्याचा हल्ला अधिक होतो, असे वनाधिकारी सांगतात. ज्या फडात बिबळ्याची मादी आपली पिले लपविते त्याच फडाशी ही माणसाची आई आपले मूल निजविते. तोडणी पुढे सरकत जाते तसतशी दोघींना जागा पुरेनाशी होते.

अशा प्रसंगी गावाची एकमुखी मागणी असते, की पिंजरा लावा आणि बिबळ्यास दूर जंगलात नेऊन सोडा. मागणी स्वाभाविक आहे. पण तिचा अनुभव काय? जुन्नर वनविभागात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत. पुढे बिबळे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटर अंतरावरील जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला, आणि २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षास सतरांवर गेली. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. विचार केला तर याचे आश्चर्य वाटणार नाही. पिंजऱ्यातील शेळीवर कोणताही बिबळ्या येतो. जो सापडला तोच अपराधी असे ठरत नाही. सापडलेला जायबंदी होतो, माणसांच्या गर्दीने बिथरतो, आणि अपरिचित रानात, दुसऱ्या बिबळ्यांच्या हद्दीत सोडला जातो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा एखादा तरुण, अननुभवी बिबळ्या येऊन घेतो. म्हणजे एका ठिकाणचे संकट तर टळत नाहीच, दुसऱ्या ठिकाणी नवे उभे राहते.

सोडलेला बिबळ्या सोडल्या जागी राहतोच असेही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर वर काढून, गळ्यात पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आला. त्याचे नाव अभ्यासकांनी 'आजोबा' असे ठेवले होते. आजोबांनी माळशेजचे रान मानले नाही. महामार्ग, लोहमार्ग, कारखाने व गावे ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून, वसईची खाडी पोहून ते महिन्याभराच्या आत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले. या सबंध प्रवासात त्यांनी माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ साली मुंबई-अहमदाबाद मार्गावर मोटारीच्या धडकेने त्यांचा अंत झाला. पुढे २०१४ साली त्यांच्यावर मराठी बोलपटही निघाला.

याचा अर्थ नरभक्षक झालेल्या बिबळ्यासही अभय द्यावे असा मुळीच नव्हे. १९१८ ते १९२६ या काळात हिमालयातील रुद्रप्रयागच्या बिबळ्याने सव्वाशे माणसे मारली. जिम कॉर्बेट यांनी त्याला टिपले तेव्हाच तो प्रांत निर्भय झाला. माणसावर टपणारे जनावर पक्के ओळखून तातडीने दूर केलेच पाहिजे, आणि कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकास तसा अधिकारही दिलेला आहे. पण एका अपराध्यासाठी दिसेल तो बिबळ्या धरावयाचा, हा मार्ग माणसाच्याही हिताचा नाही, हे जुन्नरने दाखवून दिले आहे.

मग हिताचा मार्ग कोणता? तो साधा आहे, पण रोजच्या रोज चालावा लागणारा आहे. शेळ्यामेंढ्यांचा गोठा वरून व बाजूंनी जाळीने बंदिस्त असावा. धनगर मेंढरांभोवती वाघर लावतात ती याच शहाणपणाची खूण आहे. गावाचा उकिरडा व टाकाऊ मांस उघड्यावर पडू नये, म्हणजे कुत्र्यांची संख्या आपोआप आटोक्यात येईल. विहिरींस कठडे बांधावेत. घर आणि ऊस यांमध्ये थोडी मोकळी जागा राखावी. शेतीपंपाला वीज दिवसा मिळावी, म्हणजे शेतकऱ्यास काळोखात दारे धरावयास जावे लागणार नाही. घरोघरी शौचकूप असावे आणि ऊसतोडणी कामगाराच्या कोपीस निदान दिवा व दार असावे. ही जबाबदारी ज्याच्या कारखान्याकडे तो ऊस जातो त्याची आहे. तोडणीच्या वेळी पिले सापडली तर ती उचलून गावात नेऊ नयेत. वनखात्याची माणसे ती पिले त्याच जागी सुरक्षित ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. जुन्नरकडे हा प्रयोग अनेकदा यशस्वी झाला आहे. पिलांवाचून राहिलेली मादी मात्र आसपास घिरट्या घालते आणि तिच्यापासून मोठा धोका संभवतो.

आणि शहरातील आपण? आपल्या चहातील साखर याच फडांतून येते, हे आपण विसरतो. बिबळ्या दिसल्याची बातमी आली की भ्रमणध्वनीवर त्याची चित्रे काढण्यास झुंबड उडते, आणि निसटून जाऊ पाहणाऱ्या प्राण्यास चारी बाजूंनी कोंडले जाते. त्यातूनच पुष्कळ माणसे जखमी होतात. एकीकडे खेड्यातील माणसाला 'वन्यजीवांवर दया करा' असा उपदेश आणि दुसरीकडे आपल्या वसाहतीच्या मागे बिबळ्या दिसताच पिंजऱ्याची मागणी, हा दुटप्पीपणा आपणांस शोभत नाही. त्या शेळीचे मोल गाभण असताना काय असते, नुकसानभरपाईसाठी पंचनाम्यामागे किती हेलपाटे पडतात, याची चौकशी आपण केली, आणि वृत्तपत्रांतून व सभांतून दिवसाच्या विजेचा व बंदिस्त गोठ्यांचा आग्रह धरला, तर ती बिबळ्याचीही सेवा होईल.

अकोले तालुक्यातील महादेव कोळी लोक दिवाळीपूर्वी वाघबारस पाळतात. वाघोबाच्या ठाण्याशी जाऊन ते गुराढोरांचे रक्षण मागतात. त्या मागण्यात वाघोबाने मुलूख सोडून जावे असे काही नसते. त्याने आपल्या ठायी राहावे, आपण आपल्या ठायी राहू, आणि एकमेकांची मर्यादा राखावी, इतकेच असते. मिरजगावच्या माळावर असे ठाणे जुन्या काळापासून असो वा नसो, उसाने तेथे नवा वाघोबा आणला आहे. तो परत जाण्याजोगे रान आता कोठे उरलेले नाही. तेव्हा मर्यादेची आखणी आपल्यालाच करावी लागेल. गोठ्याच्या जाळीने, विहिरीच्या कठड्याने, अंगणातील दिव्याने. ती जितकी लवकर होईल तितकी वस्तीवरची मुले आणि उसातील पिले या दोघांचीही आयुष्ये वाढतील.